आमच्या प्लॉटवर बागेचं आरक्षण आहे, ते कायमचं असतं का?

कायमचं नसतं. कोल्हापूरचा विकास आराखडा, म्हणजे कोणती जागा कशासाठी ठेवायची हे ठरवणारा नकाशा, महापालिका तयार करते, हरकतीही तीच मागवते, पण अंतिम मंजुरी राज्य सरकारची. त्यामुळे 'सभेत ठराव करून उठवतो' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. १९६६ च्या नगररचना कायद्यात कलम ३७ खालचा आराखड्यातला फेरबदलही सरकारकडेच जातो.

तुमच्या कामाचं आहे कलम १२७. अंतिम आराखडा अमलात येऊन १० वर्षं झाली आणि जागा घेतलीच नाही, तर मालकीची कागदपत्रं जोडून महापालिकेला खरेदीची नोटीस द्या, म्हणजे जागा ताब्यात घ्या असं लेखी कळवा. तिथून २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण संपतं. ई वॉर्डातल्या आमच्या जागेच्या नोटिशीला मी प्रॉपर्टी कार्ड जोडायला विसरलो होतो. नोटीस परत आली, मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागली. पोहोच शिक्क्यासह घ्या, तारीख स्पष्ट उमटली आहे ना तेही बघा.

त्याआधी झोन दाखला (जागा कोणत्या झोनमध्ये, कोणत्या आरक्षणात आहे ते सांगणारा) आणि भाग नकाशा (आराखड्यातला आपल्या जागेपुरता भाग) काढाच. जागा पंचगंगेकडची असेल तर पूररेषाही तपासा. आरक्षण गेलं तरी नदी आणि निळी पूररेषा यांच्यामधल्या मोकळ्या प्लॉटवर नवं घर बांधता येत नाही.