मुलगी अकरावीला जातेय. टॅब पुरेल की कॉम्प्युटर घ्यावा? मोबाइलच्या जमान्यात पीसी संपत आलाय ना?

गोव्यात फोंड्याला माझं डीटीपी-झेरॉक्सचं दुकान आहे. त्याच जागेत आधी सायबर कॅफे होता. म्हणजे तुमचा प्रश्न माझ्या पोटापाण्याचाच आहे. आधी थेट सांगतो: कॉम्प्युटर घ्या, पण नवाकोरा महागडा घेऊ नका. का ते पुढे.

पीसी संपत आला असं लोक म्हणतात ते विक्रीचे आकडे बघून, आणि आकडे खोटे नाहीत. १९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला, तिथपासून तीस वर्षं, एखाददुसरं वर्ष सोडलं तर, धंदा चढतच गेला. २०११ मध्ये लॅपटॉप धरून जगात ३६ कोटींच्या आसपास पीसी खपले. तो कळस. त्याच वर्षी स्मार्टफोन विक्रीत पुढे गेले. २०१८ पर्यंत पीसीचा आकडा २६ कोटींवर उतरला. कोरोनात शाळा-ऑफिसं घरात आली तेव्हा २०२१ ला तो पुन्हा ३५ कोटींच्या जवळ चढला आणि २०२३ पर्यंत होता तिथे येऊन बसला.

आता यातली मेख बघा. पूर्वी तीन-चार वर्षांत मशीन म्हातारं व्हायचं. नवं सॉफ्टवेअर टाकलं की रांगायला लागायचं. २००५ च्या आसपास प्रोसेसरचा वेग, म्हणजे गिगाहर्ट्झ, वाढायचा थांबला आणि दर वर्षीची सुधारणा लहान होत गेली. मग एसएसडी आली, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, तिच्यापेक्षा खूप जलद साठवण. माझ्याकडे दहा-दहा वर्षांचे, इंटेल आय-थ्री प्रोसेसरवाले कॉम्प्युटर येतात. हार्ड डिस्क काढून एसएसडी लावायची, रॅम ८ जीबी करायची, की गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं. त्याने नवा घेतला नाही, म्हणजे कुठल्यातरी कंपनीच्या तक्त्यात तो 'घट' म्हणून लागला. टेबलावर कॉम्प्युटर आहे तो आहेच. अहो, स्मार्टफोनचंही तेच झालंय. २०१६ मध्ये १४७ कोटी विकले गेले, २०२३ मध्ये ११७ कोटी. मोबाइल संपला असं कोणी म्हणतं का?

आपल्याकडची गोष्ट मात्र थोडी वेगळी आहे. गोव्यात पुष्कळ घरांत पहिला कॉम्प्युटर आला तो सरकारकडून. २००२ मध्ये पर्रीकर सरकारने सायबरएज योजना काढली आणि अकरावीच्या मुलांना कॉम्प्युटर मिळू लागले. सत्तरी-पेडण्याच्या आतल्या गावांतही माटोळीखाली (फळं-पानं टांगलेल्या चौकटीखाली) गणपती आणि हॉलमध्ये कापड घातलेला मॉनिटर दिसायला लागला. पुढे त्याच योजनेतून पाचवी-सहावीच्या मुलांना टॅब आले. वारा कुठल्या दिशेने वाहतोय ते सरकारी योजनेवरूनही कळायचं. बाकीच्यांना सायबर कॅफे होता. घरातला माणूस आखातात नाहीतर बोटीवर, आणि इथे त्याची बायको-मुलं माझ्या खुर्चीत बसून याहू मेसेंजरवर बोलतायत, हे रोजचं दृश्य होतं. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि त्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. जगात मोबाइलवरचं इंटरनेट डेस्कटॉपच्या पुढे गेलं ते २०१६ च्या शेवटी. भारतात ते २०१२ मध्येच झालं होतं. कारण सोपं आहे. आपल्याकडच्या बहुतेकांनी कॉम्प्युटर कधी घेतलाच नव्हता, ते सरळ मोबाइलवर आले. मग त्यांनी तो सोडला कसा म्हणायचं?

ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सने २०१० मध्येच म्हटलं होतं की पीसी पुढे ट्रकसारखे होतील: राहतील, पण थोड्या लोकांना लागतील. (गोव्यात हे उदाहरण जपूनच द्यावं लागतं. २०१२ ला खाणी बंद पडल्या आणि डिचोली-सांग्यात ट्रक रांगेने उभे राहिले, ते काही गरज संपली म्हणून नव्हे.) पण मला जॉब्सचं म्हणणं पटतं, कारण माझं दुकान तसंच झालंय.

जत्रांच्या दिवसांतलं उदाहरण देतो. गावच्या देवळात नाटक असतं, त्याचं हँडबिल माझ्याकडे येतं. पूर्वी मंडळाचा सेक्रेटरी कागदावर लिहून आणायचा. आता तो मोबाइलला तोंडी सांगतो, मोबाइल टाइप करतो आणि मजकूर व्हॉट्सॲपवर येऊन पडतो. माझं टायपिंगचं काम अर्ध्यावर आलं, ते मोबाइलने नेलं, मान्य. पण तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइल-इंटरनेटवरच्या अक्षरांत असतो आणि माझं जुनं कोरल (छपाईची पानं मांडायचं सॉफ्टवेअर) श्रीलिपी या जुन्या फॉन्टवर चालतं. कन्व्हर्टरमधून काढला की कुठेतरी रफार शेजारच्या अक्षरावर उडी मारतो, कुठे जोडाक्षर फुटतं. 'पात्रपरिचय' मोठ्या स्क्रीनवर ताणून एकेक नाव बघावं लागतं, कारण नट एक वेळ नाटकातले संवाद विसरेल, पण हँडबिलात आपलं नाव चुकलेलं विसरणार नाही. फोटो येतात तेही व्हॉट्सॲपने दाबून बारीक केलेले, छापल्यावर चेहऱ्याचा चिखल. 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' हे मी दिवसभर जपासारखं म्हणत असतो. प्रूफ मात्र देवळाच्या पायरीवर बसून मोबाइलवरच पास होतं. लग्नपत्रिका तर तरुण मुलं फोनवर कॅनव्हा ॲपमध्ये स्वतःच करतात, चांगल्या करतात, ते काम माझ्याकडे परत येणार नाही.

उलट बाजूने, ऑनलाइन फॉर्म भरायला लोक माझ्याकडेच येतात. एक-चौदाचा उतारा (आमचा सातबारा म्हणा), पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला, कॉलेजचा प्रवेश. फोन हातात असतो, तरी पोर्टल मागतं अमुक केबीच्या आतली पीडीएफ, सही वेगळी, फोटो वेगळा. "हें मोबायलार जायना रे," म्हणत वैतागून दुकानात शिरतात. होतं, पण नाकी नऊ येतात.

आता तुमच्या मुलीबद्दल. माझ्याकडे कॉलेजची मुलं प्रोजेक्ट छापायला येतात. फाइल कुठे आहे विचारलं की म्हणतात, "व्हॉट्सॲपमध्ये." फोल्डर, फाइलचं नाव, जुनी प्रत-नवी प्रत हे त्यांना माहीतच नसतं, कारण फोन ते दाखवतच नाही. मुलं हुशार आहेत, बोटं माझ्यापेक्षा जलद चालतात. पण उद्या कुंडईच्या कारखान्यात स्टोअरला लागली किंवा कर सल्लागाराकडे बसली, तर समोर एक्सेल आणि हिशेबाचं टॅलीच येणार. सायन्सला जाऊन पुढे इंजिनिअरिंग केलं तर आराखडे काढायचं ऑटोकॅड काही टॅबवर शिकून होत नाही. बघण्या-वाचण्यासाठी टॅब उत्तम आहे. हाताने काही घडवायचं म्हटलं की कीबोर्ड आणि मोठा स्क्रीन लागतो.

तेव्हा ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप किंवा लॅपटॉप बघा. विंडोज १० चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला, त्यामुळे ऑफिसं जुनी मशिनं काढतायत. प्रोसेसर इंटेलचा असेल तर आठव्या पिढीच्या आधीचं घेऊ नका, विंडोज ११ अधिकृतपणे त्यावर चालत नाही. स्वस्तात जुनं मिळालंच तर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) टाकून घ्या, शिकायला उत्तम. रॅम आधीच ८ जीबी असलेलं बघा, २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव कडाडलेत.

डेस्कटॉप घेतलात तर यूपीएस हवाच, आपल्याकडची पावसाळ्यातली वीज तुम्हाला ठाऊक आहे. आणि पावसात मशीन झाकून महिनाभर बंद ठेवू नका, मधूनमधून तासभर चालू करा. तरी एखाद्या दिवशी पंखा फिरतोय पण स्क्रीन काळा असं झालं, तर लगेच दुरुस्तीला धावू नका. मशीन बंद करून विजेची वायर काढा, रॅमची पट्टी बाहेर घ्या, तिच्या सोनेरी दातांवरून साधा खोडरबर हलकेच फिरवा आणि परत खटकन बसेपर्यंत दाबा. जून-जुलैत माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मशिनांना तेवढंच झालेलं असतं.