‘प्रमाण’ आणि ‘गुणोत्तर’ एकच का? आणि ‘प्रमाणपत्रा’तलं प्रमाण कुठलं?

एकच नाही, पण बोलताना सगळेच गल्लत करतात, मीही करतो. 2:3 हे गुणोत्तर. 2:3 आणि 4:6 ही दोन गुणोत्तरं समान आहेत, म्हणून 2, 3, 4, 6 या संख्या प्रमाणात आहेत. म्हणजे गुणोत्तर दोन संख्यांत, प्रमाण दोन गुणोत्तरांत. 4, 6, 9 घेतल्या तर ते परंपरित प्रमाण, कारण 4:6 आणि 6:9 सारखंच. मधला 6 दोन्हीकडे राबतो. एक वाढलं की दुसरं त्याच पटीत वाढतं ते समप्रमाण. मजूर दुप्पट केले की दिवस निम्मे, ते व्यस्त प्रमाण.

‘प्रमाणपत्रा’तलं प्रमाण म्हणजे पुरावा. मूळ संस्कृत धातू ‘मा’, म्हणजे मोजणे. ज्याने मोजायचं, ज्याच्यावरून खरंखोटं ठरवायचं ते प्रमाण. न्यायदर्शनात, म्हणजे भारतीय तत्त्वज्ञानाच्या तर्कावर भर देणाऱ्या शाखेत, अशी चार प्रमाणं आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान (सारखेपणावरून ओळखणं) आणि शब्द (भरवशाच्या माणसाचं सांगणं). प्रमाणवेळ, प्रमाणभाषा यांत तोच शब्द ‘मानक’ या अर्थाने येतो.

मला सगळ्यात गंमत वाटते ती ‘नेहमीप्रमाणे’तल्या ‘प्रमाणे’ची. ‘माणशी दोनप्रमाणे वाटा’ म्हणताना माप अजून ऐकू येतं, ‘सांगितल्याप्रमाणे’ म्हणताना मात्र ते पार विरघळलेलं असतं.

अवयव एकमेकांना शोभतील असे असले तर ‘प्रमाणबद्ध’, अति झालं तर ‘प्रमाणाबाहेर’. ‘प्रमाणात खा’ याऐवजी मी ‘बेताने खा’ म्हणेन, कानाला बरं लागतं.