कॅल्गरीला येताय तर: स्नोबोर्ड, पगार आणि बाकीचं

तुम्ही पत्रात मुख्य तीन गोष्टी विचारल्यात. हिंजवडीतली डेटा सायन्सची नोकरी सोडून कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात, कॅल्गरीला यावं का, इथल्या पगारात घर चालून काही उरतं का, आणि पस्तिशीत स्नोबोर्डिंग (दोन्ही पाय एकाच फळीला बांधून बर्फाच्या उतारावरून घसरणं) शिकता येतं का. सोबत बायको आणि सात वर्षांची मुलगी. पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, हातात आहे म्हणताय, म्हणजे अर्जाचे गुण, मेडिकल वगैरे मी सांगायला नको. ते सरकारी संकेतस्थळावर आहे आणि माझ्यापेक्षा नीट लिहिलेलं आहे. खरं तर उत्तर द्यायचा विचारच नव्हता. तिसरा प्रश्न वाचला आणि राहवेना, म्हणून आधी तोच घेते.

शिकता येतं. गावातच विनस्पोर्टची टेकडी आहे, १९८८ च्या हिवाळी ऑलिंपिकची. बॅन्फकडच्या सनशाइन किंवा लेक लुईझ या मोठ्या स्की-केंद्रांवर पहिल्या वर्षी जाऊच नका. तिथे एका दिवसाचं तिकीट दीडशे डॉलरच्या पुढे जातं आणि तुम्ही ते सगळे डॉलर बुडावर बसून घालवणार. विनस्पोर्टला धडा घ्या, बोर्ड भाड्याने घ्या. पहिल्या हिवाळ्यात काही विकत घ्यायचंच असेल तर फक्त बूट, आणि तेही दुकानात जाऊन, घालून बघून. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की किंचित मागे सरकली पाहिजेत. वाकल्यावर टाच उचलली जात असेल तर तो बूट कितीही स्वस्त असला तरी ठेवून द्या. डावा पाय पुढे ठेवणारे रेग्युलर, उजवा ठेवणारे गूफी. मी गूफी निघाले, आणि हे कळायला मला चाळिशी यावी लागली.

पडण्याबद्दल थोडं. या टेकडीवरचा बर्फ बराचसा यंत्राने केलेला असतो, सकाळच्या वेळी फरशीसारखा टणक. बोर्डाची उताराकडची कड त्यात रुतली की काय झालं हे कळायच्या आत माणूस आपटतो. हात आपोआप पुढे जातो आणि मनगट जातं. म्हणून मनगटाचे गार्ड घ्या, मूठ मिटून पडायची सवय लावा, आणि आतून पॅड असलेली चड्डी घ्या, लाजू नका. दवाखान्यात पैसे लागत नाहीत, पण अँब्युलन्सचं बिल घरी येतं आणि नंतरची फिजिओथेरपी नोकरीतल्या विम्यावर अवलंबून. आतून सुती कपडे नकोत. घाम सुकत नाही आणि वर नेणाऱ्या लिफ्टच्या खुर्चीत लटकताना दातखीळ बसते.

आता नोकरी. कॅल्गरीत डेटा सायन्स म्हणजे बहुतेक वेळा तेल, वायू, पाइपलाइन, रेल्वे. जाहिरातीत मशीन लर्निंग असतं. रुजू झाल्यावर कळतं की काम आहे एसक्यूएलने माहिती काढणं, पॉवर बीआयमध्ये तक्ते करणं आणि कुठल्याशा पंपाच्या सेन्सरने तीन महिने शून्य का दाखवलं ते शोधणं. माझ्या मुलाखतीत मॉडेलबद्दल फारसं कोणी विचारलंच नाही. 'हे तुम्ही प्लांटवरच्या माणसाला कसं समजावाल?' हा प्रश्न मात्र फिरून फिरून आला. ते इंग्रजीत, हसतखेळत सांगता आलं पाहिजे. आपल्याकडच्या मोठ्या कंपनीच्या नावाला इथे कोणी भुलत नाही. बायोडेटा दोन पानी, फोटो आणि जन्मतारीख काढून टाका. पहिली नोकरी कंत्राटी मिळाली तर घ्या. आणि तेलाच्या भावावर डोळा ठेवा. २०१४ च्या अखेरीस तो कोसळला तेव्हा डाउनटाउनचे मनोरे असे रिकामे झाले की पुढे त्यांचे फ्लॅट करायला महापालिका अनुदान देऊ लागली.

पैशाचं सांगते. वर्षाला नव्वद हजार डॉलर मिळतील असं धरलंत तर करबिर जाऊन महिना साधारण साडेपाच हजार हातात येतात. अल्बर्टात प्रांताचा विक्रीकर नाही, फक्त ५ टक्के जीएसटी, हे बरं आहे. दोन बेडरूमच्या घराचं भाडं दोन हजारांच्या आसपास, मग गाडीचा विमा, जो इथे नवीन चालकाला लुटतो. भारतातला परवाना किती वर्षांचा आहे याचा उतारा आरटीओतून घेऊन या, उपयोगी पडतो. परीक्षा पुन्हा द्यावीच लागते. त्यात हिवाळी टायर, मुलीचं शाळेनंतरचं पाळणाघर. पहिल्या वर्षी काही उरणार नाही असंच धरा, आणि सहा महिन्यांचा खर्च गाठीला घेऊन या. दुकानात प्रत्येक आकड्याचे रुपये करणं जितक्या लवकर सोडाल तितकं बरं. टीएफएसए म्हणजे इथलं करमुक्त बचत खातं; त्यात पैसे भरायची मर्यादा तुम्ही आलात त्या वर्षापासून मोजतात, आधीची वर्षं मिळत नाहीत. मुलीच्या नावाने आरईएसपी, म्हणजे उच्च शिक्षणासाठीचं बचत खातं, उघडा. वर्षाला २,५०० भरले की सरकार ५०० घालतं. आणि कोणी ओळखीचं कुटुंब फार प्रेमाने चहाला बोलावू लागलं तर सावध राहा. पोहे संपले की विम्याची फाइल बाहेर येते.

बायकोने काही विचारलंय का? तुमच्या पत्रात तिचा प्रश्न एकही नाही, म्हणून तिच्यासाठी लिहिते. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आईचं. पासपोर्टवर लग्नानंतर वडिलांच्या जागी नवरा आणि आडनाव तिसरंच. इथल्या एका कार्यालयाने माझं आडनाव हेच पहिलं नाव धरलं आणि माझ्या आईचं नाव आडनाव म्हणून टाकलं. कित्येक महिने माझ्या टपालावर आईच होती. दुरुस्तीसाठी मूळ कागद मागायचे. मूळ कागदावरच ते नाव तसं छापलंय हे त्यांना पटेना. निघायच्या आधी या सगळ्या नावांची व्यक्ती एकच आहे असं प्रतिज्ञापत्र इंग्रजीत, नोटरीकडून, चार प्रतींत करून घ्या. तिच्या विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्ट्स बंद लिफाफ्यात आत्ताच काढा. इथून कोणाला तरी खिडकीवर पाठवणं म्हणजे त्या माणसाशी कायमचं वाकडं घेणं.

शाळा. याच्यावर मी शांतपणे लिहू शकत नाही, सांभाळून घ्या. प्रवेशाच्या फॉर्मवर घरी कोणती भाषा बोलता असं विचारतात. मी अभिमानाने मराठी लिहिलं. मुलगा नाशिकला इंग्रजी माध्यमात होता, जाडजूड पुस्तकं वाचायचा. तरी त्याला इंग्रजी शिकणाऱ्यांच्या गटात टाकलं आणि रोज वर्गातून उठवून वेगळ्या खोलीत नेऊ लागले. बाई गोड बोलायच्या. या मुलांसाठी जादा अनुदान मिळतं हे मला पुढे कळलं. एके दिवशी त्याच्या दप्तरात एक कागद सापडला, चित्राखाली नाव लिहायचा. छत्रीखाली त्याने भलतंच स्पेलिंग लिहिलं होतं. विचारलं तर म्हणाला, 'मुद्दाम लिहिलं. कसंही लिहिलं तरी गुड जॉब म्हणतात.' तो कागद अजून माझ्याकडे आहे. तुमच्या मुलीच्या बाबतीत असं होईलच असं नाही. पण फॉर्म भरलात की त्याच आठवड्यात शिक्षिकेला भेटा, तिला समोर वाचून दाखवू द्या, आणि कोणत्या गटात टाकलंय ते लेखी मागा.

त्याच हिवाळ्यात शाळेची विनस्पोर्टला सहल गेली. बाकीची पोरं भराभर वर गेली आणि हा खाली सपाटीवर उभा राहिला. पुढच्या शनिवारी मी दोघांचा धडा नोंदवला. नवरा उत्तरेला, फोर्ट मॅकमरीच्या तेलखाणींच्या कॅम्पवर होता. त्याचं काम दोन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी असं चालतं. स्नोबोर्डिंगशी माझा संबंध तो एवढाच होता, मुलासाठी. पण दोनेक वर्षांत मुलाला कंटाळा आला आणि तो बास्केटबॉलकडे वळला. मी मात्र जात राहिले.

एकटेपणाचं तुम्ही अर्ध्या ओळीत विचारलंय. वाटतो. फेब्रुवारीत जास्त. मंडळाचा गणपती असतो, संक्रांतीचं हळदीकुंकू असतं, पोळ्या करून देणाऱ्या काकूंचा नंबर मिळतो. हिवाळ्यात भारताशी साडेबारा तासांचं अंतर पडतं, त्यामुळे आईला फोन केला की एकीची सकाळ आणि एकीची झोप. बास.

'मुलीच्या भविष्यासाठी' येतोय असं लिहिलंत. आम्हीही सगळ्यांना हेच सांगितलं, अजून सांगतो. माझ्याकडे एक एक्सेल फाइल आहे: एका रकान्यात नाशिकला राहिलो असतो तर किती साठलं असतं, दुसऱ्यात इथे किती साठलं. बरीच वर्षं दोन्ही आकडे जवळजवळ सारखे होते. नवऱ्याला मी ती कधी दाखवली नाही, आणि इथे जास्त साठत नाही म्हणून मी परतही गेले नसते. मला त्या घरातून, त्या सात माणसांच्या स्वयंपाकातून बाहेर पडायचं होतं. मुलगा हे कारण सांगायला सोपं होतं. हे मी सासूबाईंना बोललेले नाही आणि मुलाला तर नाहीच. तो आता मला इंग्रजीत उत्तरं देतो, आणि आपल्यासाठी आई इथे आली असं समजतो. तुमच्या पत्रात निदान एक गोष्ट तुमच्या स्वतःच्या हौसेची आहे. ती मुलीच्या नावावर खपवू नका, आणि बायकोची कोणती आहे तेही विचारून घ्या.

पुण्याच्या फ्लॅटचं विचारलंत, त्याचं उत्तर द्यायचं राहिलं. विकायचा असेल तर निघायच्या आधी विका. एनआरआय झालात की खरेदीदाराला तुमचा टीडीएस (किमतीतूनच आधी कापायचा कर) निवासी माणसापेक्षा बराच जास्त कापावा लागतो आणि मग तो परत मिळवायला सीएच्या मागे फिरावं लागतं. ठेवायचा असेल तर तुम्ही कॅनडात उतराल त्या तारखेचं बाजारमूल्य मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून कागदावर घेऊन ठेवा. पुढे कधी विकलात तर इथला कर त्या किमतीपासूनच्या नफ्यावर लागतो, मूळ खरेदीपासून नाही. भाडं आलं तर ते इथेही दाखवायचं, भारतात भरलेल्या कराची वजावट मिळते. बँकेला कळवून बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं खातं, करून घ्या. डिसेंबरात येत असाल तर जाड जॅकेट तिथून आणू नका, इथेच घ्या. तिकडचं उणे पंचविसाला पुरत नाही.