वर्गणी काढा, पण रिकामी जागा झाकू नका

(वाचकांचे प्रश्न, उत्तरं देत आहेत साताऱ्याच्या एक निवृत्त शिक्षिका)

प्रश्न : आमची जिल्हा परिषदेची शाळा जत तालुक्याच्या पूर्व भागात आहे. पहिली ते चौथी, पट ४७. दोन गुरुजी होते. एक मे महिन्यात निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. उरलेल्या गुरुजींच्या मागे बैठका, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती. ते तालुक्याला गेले की शाळा चौथीच्या पोरांच्या भरवशावर. मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे. गावातल्या डी.एड. झालेल्या मुलीला लोकवर्गणीतून महिना ४,००० रुपये देऊन ठेवायचं चाललंय. तिला कानडीही येतं, आणि आमच्या निम्म्या पोरांच्या घरी कानडीच बोलतात. काही जण म्हणतात, हे सरकारचं काम, आपण का पैसे घालायचे? बाई, काय करावं?

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचलं आणि १९८९ सालची पाटण तालुक्यातली माझी शाळा डोळ्यांपुढे आली. एक खोली, चार वर्ग, ३१ मुलं आणि मी एकटी. पहिलीला अक्षर गिरवायला बसवायचं, दुसरीला चिंचोके मोजायला द्यायचे, तिसरीला धडा उतरवायला सांगायचा आणि तेवढ्या वेळात चौथीला भागाकार शिकवायचा. भागाकार फळ्यावर मांडतेय तोवर पहिलीतलं कुणीतरी रडायला लागायचं. मग एका शांत, हुशार मुलीला मी पहिलीपाशी बसवायची. तिसरी आणि चौथी अशी दोन वर्षं ती लहानग्यांना शिकवत राहिली आणि तिचा स्वतःचा भागाकार कच्चा राहिला. ती पाचवीला दुसऱ्या गावी गेल्यावर तिथल्या गुरुजींनी मला हे सांगितलं. ते मला अजून टोचतं.

म्हणून माझं सरळ उत्तर : त्या मुलीला ठेवा. कानडी घरातलं सहा वर्षांचं मूल शाळेत आल्यावर त्याला समजेल अशा बोलीत बोलणारं कुणी भेटलं, तर ते शाळेत टिकतं.

पण नेमण्याआधी एक काम करा. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. त्याच कायद्याचं कलम २६ सांगतं की सरकारी शाळेत मंजूर पदांपैकी १० टक्क्यांहून जास्त पदं रिकामी राहता कामा नयेत. तुमच्याकडे दोनातलं एक रिकामं आहे, म्हणजे निम्मं. समितीची सभा घ्या, ठराव लिहा, त्यात हे कलम घाला. अर्ज जतच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना, प्रत सांगलीला शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांना. पोहोच घ्या, तीवर आवक क्रमांक आहे का बघा. कायम शिक्षक मिळेपर्यंत जवळच्या शाळेतला एक शिक्षक कामगिरीवर, म्हणजे तात्पुरता, द्या, अशी मागणीही त्याच अर्जात करा. संचमान्यतेची प्रत मागून घ्या. मंजूर पदं किती, कार्यरत किती, हे त्यात छापलेलं असतं.

हे का सांगते? मी शेवटची सहा वर्षं केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारी, होते. शिक्षक कमी आणि मागणाऱ्या शाळा जास्त, अशा वेळी कामगिरीचा शिक्षक जिथून ओरड मोठी तिथे जातो. ज्या गावानं आपली सोय आपण केली, ते गाव यादीत खाली सरकतं. वाईट हेतूनं कुणी करत नाही, पण होतं तसंच. त्यामुळे मुलगी शिकवायला आली त्या महिन्यापासून दर महिन्याला स्मरणपत्र गेलंच पाहिजे. ती गावाची मदतनीस आहे, पद अजून रिक्तच आहे, हे प्रत्येक पत्रात लिहा.

आणखी एक. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता ठरते आणि आधार जुळलेली मुलंच त्यात धरतात. तुमच्याकडची काही कुटुंबं ऊसतोडीला जात असतील. ती निघण्याआधी मुलांच्या आधारमधलं नाव, जन्मतारीख शाळेच्या नोंदीशी जुळवून घ्या, आणि आजी-आजोबांपाशी मुलं ठेवता येतात का ते गावानं बघावं.

आता ४,००० रुपयांचं. महिन्याला २४ दिवस शाळा धरली तर रोज १६७ रुपये सुद्धा पडत नाहीत. रोजगार हमीचा आपल्या राज्यातला २०२५-२६ चा दर ३१२ रुपये होता. खड्डा खणणाऱ्या बाईला जे मिळतं त्याच्या निम्म्यावर वाचायला शिकवणारी ठेवायची, हे मला पटत नाही. निदान त्या दरानं द्या, महिना ७,५०० च्या आसपास होतात. शाळेतून शिकून नोकरीला लागलेले, बागायतदार, यात्रा समिती यांच्याकडून घ्या. मुलामागे पालकांकडून मात्र सक्तीनं एक रुपयाही घेऊ नका, त्या मुलांचं शिक्षण मोफत आहे. आणि पैसे पाच तारखेला तिच्या हातात पडू द्यात. तिला मागायला लावू नका.

अशा वेळी सभेत कुणीतरी कर्मवीर भाऊराव पाटील अण्णांचं नाव घेतं. त्यांनी कसं उपासतापास काढून शिक्षण उभं केलं, मग या मुलीला पैसे कशाला? मी साताऱ्यात राहते, अण्णांविषयी माझ्या मनात जे आहे ते शब्दांत मावणारं नाही. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी त्यांच्या रयत शिक्षण संस्थेची सुरुवात झाली आणि पुढे बोर्डिंगातल्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. ते त्यांनी आपले आपण दिले. दुसऱ्याच्या लेकीकडून तिची मेहनत स्वस्तात काढून घ्यायला त्यांचं नाव वापरू नये.

प्रश्न : शाळेत एकच गुरुजी, म्हणून मुलाला तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालतोय. चूक करतोय का? (खटाव तालुक्यातील पालक)

उत्तर : तुम्हाला दोष देणार नाही. पण एवढं माहीत असू द्या की पट घसरला की मंजूर पदही जातं, आणि मग मागे राहतात ती ज्यांना गाडीभाडं परवडत नाही त्यांची मुलं. काढायच्या आधी निदान एकदा समितीच्या सभेला जाऊन बसा.

प्रश्न : मी बी.एस्सी., डी.एड., वय ३१. कराड तालुक्यातल्या एका विनाअनुदानित शाळेत सात वर्षं शिकवते. पगार ६,५००, तोही दहा महिनेच. अनुदान येईल तेव्हा कायम व्हाल, असं संस्था सांगते. सासरचे म्हणतात सोडून दे. टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) झाली आहे, २०२५ ची टेट (भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी) दिली आहे. थांबू का?

उत्तर : बाळ, आधी एक कागद शोध. तुझ्या नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता आहे का? ती नसेल तर उद्या शाळेला अनुदान आलं तरी तुझं नाव त्यात येईलच असं नाही. मान्यता नाही तर शालार्थ आयडी (सरकारी पगारप्रणालीतला क्रमांक) नाही, आणि आयडी नाही तर सरकारी पगार नाही. हे तुला सात वर्षांत कुणी सांगितलं नसेल, तर सांगायला हवं होतं.

अनुदानाची वाट किती लांब असते तेही ऐक. २००१ साली ‘कायम विनाअनुदानित’ म्हणून शाळांना परवानग्या मिळाल्या. २००९ मध्ये ‘कायम’ हा शब्द निघाला. पहिलं २० टक्के अनुदान २०१६ मध्ये आलं, पुढचे टप्पे आझाद मैदानावर बसून मिळवावे लागले. माझी एक मैत्रीण शाळा सुटल्यावर संध्याकाळी शिलाई मशीन चालवायची. तिला पहिला टप्पा मिळाला तेव्हा तिचा मुलगा बारावीत होता.

दुसरीकडे, २०१२ च्या मे महिन्यात राज्यात शिक्षक भरती थांबली. शिक्षक भरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलसाठीची पहिली टेट थेट २०१७ च्या डिसेंबरात झाली, दुसरी २०२३ मध्ये. तुझ्या वयाच्या मुलींची उमेदीची वर्षं त्यात गेली. यात तुझं काही चुकलेलं नाही, हे सासरीही सांग.

पोर्टलवर प्राधान्यक्रम भरताना जिल्हा लांबचा म्हणून गाळू नकोस. शिक्षण सेवक म्हणून पहिली तीन वर्षं प्राथमिकला १६,००० मानधन आहे. जानेवारी २०२३ च्या आधी ते ६,००० होतं. तीन वर्षांनंतर २९,२०० मूळ वेतनावर येशील. वयाची अट खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३, म्हणजे तुझ्या हातात अजून वेळ आहे.

मान्यता असेल तर पोर्टलची निवड यादी लागेपर्यंत थांब. नसेल तर या सत्राअखेर सोड, मनाला लावून घेऊ नकोस. सोडण्याआधी नेमणूकपत्र, हजेरीपत्रकाच्या प्रती, अनुभवाचा दाखला आणि सात वर्षांचं बँकेचं पासबुक जपून ठेव. कागद काय निघाला ते मला कळव, पुढचं पत्र आपण दोघी मिळून लिहू.