पावणेतीनची ऑर्डर

"मार्केट पडायला लागलं की डोकं थांबतच नाही. माझ्यातच काही बिघडलंय का?"

फेब्रुवारी 2025 च्या अखेरीस निफ्टी, म्हणजे 50 मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा निर्देशांक, 22,100 च्या आसपास होती. सप्टेंबर 2024 मधल्या 26,277 च्या उच्चांकापासून जवळपास 16 टक्के खाली, आणि सलग पाचवा महिना तोट्याचा. अशा पडझडीत समुपदेशकाकडे हा प्रश्न हमखास येतो. खालचं प्रकरण कुणाची ओळख पटू नये म्हणून दोन-तीन अनुभव जुळवून मांडलं आहे.

नाशिकच्या रविवार कारंजाजवळ हार्डवेअरचं दुकान चालवणारे गृहस्थ, वय बेचाळीस. सोबत बायको. "मुलीच्या फीचं विचारलं तरी अंगावर येतात हो," एवढंच ती बोलली.

शेअरचं ॲप काढून टाका, हा सल्ला मित्रांनी आधीच दिला होता. काढलंही. तिसऱ्या दिवशी ब्रोकरचा मार्जिनचा, म्हणजे उधारीपोटी आणखी पैसे भरा असा, मेसेज आला आणि ॲप परत फोनवर. त्यांनी 2 लाख स्वतःचे आणि 4 लाख ब्रोकरचे घालून शेअर घेतले होते. भाव 10 टक्के पडला की 60 हजार जातात, म्हणजे स्वतःच्या पैशातले 30 टक्के, वर रोजचं व्याज. असे उधारीचे शेअर अंगावर असताना न बघितल्याने धास्ती कमी होत नाही, उलट वाढते.

म्हणून आधी वही. चार रकाने: वेळ, विचार, अंगात काय झालं, हात कुठे गेला. "भावना लिहा" म्हटलं की दुकानदार माणूस अडतो. वेळ लिहायला सांगितली की रोजमेळासारखं बिनबोभाट लिहितो.

दोन आठवड्यांत दिवस उलगडला. सकाळी साडेसहा, बाजार उघडण्याआधी अंदाज देणारी गिफ्ट निफ्टी: "गॅपडाउन, खालीच उघडणार. काल विकायला हवं होतं." पोटात गोळा. 9.15, बाजार उघडताना: "अजून पडायच्या आत काढ." अकरा ते एक या वेळात वही जवळपास कोरी, कारण काउंटरवर गिऱ्हाईक. पावणेतीन: "आज ॲव्हरेज केलं नाही, पडत्या भावात आणखी घेतलं नाही, तर हा भाव परत मिळणार नाही." रात्री आठनंतर अमेरिकेचा बाजार, मग झोप नाही. बहुतेक ऑर्डरी पहिल्या अर्ध्या तासात आणि पावणेतीननंतर टाकलेल्या. सकाळी भीतीने विकायचं, दुपारी तेच हळहळीने परत घ्यायचं.

पावणेतीनच्याच एका नोंदीखाली बारीक अक्षरात होतं: "विकून तोटा बुक केला की घरी सांगावं लागेल." ॲव्हरेज करण्याला लोक हाव म्हणतात. बऱ्याचदा ती लाज असते. स्वतःच्या 2 लाखांतले दीड लाख बायकोचे दागिने बँकेत गहाण ठेवून आले होते आणि तिला ते ठाऊक नव्हतं. तिला सांगण्यासाठी एक अख्खी बैठक लागली. मधली शांतता अवघड होती, पण त्यानंतर पावणेतीनचा जोर निम्म्याने उतरला.

बाकीचं साधं होतं. ऑर्डर आदल्या रात्री चिठ्ठीवर: भाव, नग, कारण. चिठ्ठीत नसेल ते दहाच्या आधी आणि पावणेतीननंतर टाकायचं नाही. 2.40 ला पाच मिनिटं श्वास: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. काळजीला संध्याकाळी 6.30 ते 6.50 ही ठरलेली वेळ. अवेळी आलेला विचार एका ओळीत लिहून तिथे ढकलायचा. पहिले चार-पाच दिवस हे जमत नाही, तिथेच बहुतेक जण सोडून देतात. रात्री दहानंतर फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. कोणता शेअर विकायचा हे समुपदेशकाने सांगायचं नसतं; त्यासाठी ते बाजार नियामक सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराकडे गेले आणि उधारीचा भाग तीन टप्प्यांत कमी केला.

एक प्रश्न मात्र पहिल्याच भेटीत थेट विचारावा लागतो: "आपण नसलेलंच बरं, असं वाटतं का?" उत्तर हो असेल तर वही बाजूला, आधी मानसोपचारतज्ज्ञ. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चालू असतो.

सहाव्या आठवड्यातल्या वहीत साडेसहाचा पोटातला गोळा अजून आहे. पावणेतीनसमोर लिहिलंय: "घ्यावंसं वाटलं. चिठ्ठीत नव्हतं." पुढचा रकाना रिकामा.