सैन्यातून काढले, पण कोणत्या कारणाखाली?

वाचकांचे प्रश्न : कायदा

प्रश्न : माझा मुलगा २०१९ मध्ये भरती मेळाव्यातून सैन्यात निवडला गेला. प्रशिक्षणात नऊ फुटी खंदकावरून उडी घेताना त्याचा उजवा गुडघा पिरगळला. काही आठवडे लष्करी रुग्णालयात काढल्यावर आजारपणाची रजा मिळाली. परत गेल्यावर त्याला मागच्या तुकडीत टाकले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये कसम परेडच्या (शपथविधीच्या) आधीच घरी पाठवले. डिस्चार्ज बुकात 'कार्यक्षम सैनिक होण्याची शक्यता नाही' अशा अर्थाचे कारण इंग्रजीत लिहिले आहे, दुखापतीचा शब्दही नाही. त्यानंतर आम्ही इंदूरला एमआरआय केला तेव्हा गुडघ्याचा अस्थिबंध तुटल्याचे कळले व शस्त्रक्रिया करावी लागली. या डिस्चार्जविरुद्ध आता अपील करता येईल काय? त्याला परत घेतील काय? निदान पेन्शन तरी मिळेल काय? — एक वडील, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : आपल्या तीन प्रश्नांपैकी मधल्याचे उत्तर आधी देतो, कारण ते कटू आहे आणि त्यावर आशा लावून बसल्यास बाकीचे दोन्ही मागे पडतील. शस्त्रक्रिया झालेला गुडघा आणि लोटलेली वर्षे पाहता मुलाला पुन्हा सेवेत घेतले जाण्याची शक्यता जवळपास नाही. अर्जात ती मागणी मुख्य ठेवल्यास प्रकरण विनाकारण अवघड होते, म्हणून ती सोडून द्यावी आणि सगळे बळ अपंगत्व पेन्शनवर लावावे असे माझे स्पष्ट मत आहे.

आता डिस्चार्ज बुकातल्या त्या ओळीकडे येऊ. आर्मी रूल्स १९५४ मधील नियम १३ मध्ये कोणाला कोणत्या कारणासाठी आणि कोणत्या अधिकाऱ्याच्या हुकमाने सेवेतून मुक्त करता येते याचा तक्ता दिलेला आहे. शपथ घेतलेल्या जवानाला वैद्यकीय कारणाने काढायचे असेल, तर इनव्हॅलिडिंग मेडिकल बोर्डाची, म्हणजे माणूस सेवेस अयोग्य झाला की नाही हे ठरवणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळाची, शिफारस लागते. भरती झालेला पण कसम परेड न झालेला रिक्रूट मात्र तक्त्यात वेगळ्या रकान्यात येतो आणि त्याला मुक्त करण्याचा अधिकार कमांडिंग ऑफिसरला असतो. आपल्या मुलाच्या बाबतीत हाच सोपा रस्ता वापरलेला दिसतो. त्याचा परिणाम असा झाला, की मेडिकल बोर्ड बसले नाही, बोर्ड नाही म्हणून अपंगत्वाची टक्केवारी ठरली नाही, आणि टक्केवारी नाही म्हणून पेन्शनचा प्रस्तावच तयार झाला नाही. म्हणजे पेन्शन नाकारली गेली असेही म्हणता येत नाही; ती कोणी विचारातच घेतलेली नाही.

म्हणून आपली लढाई दोन पायऱ्यांची आहे. हा मुलगा शिकण्यास नालायक नव्हता, प्रशिक्षणातल्या दुखापतीमुळे तो कवायत पुरी करू शकला नाही, आणि म्हणून त्याचा डिस्चार्ज वैद्यकीय कारणाने झालेला मानून आता मेडिकल बोर्ड बसवावे, अशी पहिली मागणी. त्या बोर्डाच्या निष्कर्षावर पेन्शन, ही दुसरी. वैद्यकीय दृष्ट्या खालच्या श्रेणीत गेलेल्या माणसाला इनव्हॅलिडिंग बोर्ड टाळून काढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने राजपाल सिंग प्रकरणात २००८ साली म्हटले आहे. ते प्रकरण रिक्रूटचे नव्हते, त्यामुळे सरकारी वकील फरक दाखवणारच. तरीही रुग्णालयातून आलेल्या मुलाला बोर्डापुढे न नेता 'अकार्यक्षम' ठरवणे कितपत न्याय्य, हा मुद्दा त्याच्या आधाराने नेटाने मांडता येतो.

सगळे प्रकरण ज्या कागदांवर उभे राहील ते दोन. पहिला इंजुरी रिपोर्ट. दुखापत कुठे, कोणत्या वेळी, काय करताना झाली, त्या वेळी माणूस कर्तव्यावर होता की नाही आणि दोष कोणाचा, एवढे त्यात कमांडिंग ऑफिसरच्या सहीने नोंदलेले असते. कर्तव्यावर असल्याची नोंद त्यात असेल, तर दुखापत सेवेमुळे झाली हे सिद्ध करण्याचे निम्मे काम झाले, कारण अपंगत्व पेन्शनच्या पात्रता नियमांनुसार कर्तव्यावर असताना झालेली आणि सेवेशी संबंध असलेली इजा सेवेमुळे झालेली धरतात. आपल्या मुलाला २००८ चे पात्रता नियम लागू होतात. सप्टेंबर २०२३ मध्ये नवे नियम आले, ते त्यानंतर सेवा संपलेल्यांसाठी आहेत. इंटरनेटवरचे लेख या दोहोंची सरमिसळ करतात, तिकडे लक्ष देऊ नये.

दुसरा कागद म्हणजे रुग्णालयातला केस पेपर, आणि त्यातही दाखल झाल्या दिवशी डॉक्टरने लिहिलेल्या पहिल्या दोन ओळी. 'खंदक ओलांडताना पडला, उजवा गुडघा, त्यानंतर सूज' असे तिथे लिहिलेले असेल तर उत्तम. पुष्कळ पोरे मागच्या तुकडीत टाकतील या धास्तीने चार-पाच दिवस दुखणे लपवतात, क्रेप बँडेज बांधून धावतात, आणि चालणेच बंद झाले की डॉक्टरपुढे जाऊन 'पाय घसरला' एवढेच सांगतात. मग केस पेपरात खंदकाचा पत्ताच नसतो. असे झाले असेल तरी खचून जाऊ नये. त्या आठवड्याचा प्रशिक्षणाचा तक्ता, सोबतच्या दोघा-तिघा मुलांची प्रतिज्ञापत्रे आणि इंदूरला काढलेल्या एमआरआयची तारीख यांच्या आधाराने ती उणीव बरीच भरून काढता येते.

हे कागद माहिती अधिकार कायदा २००५ खाली मागवावेत. एक खबरदारी घ्यावी : अर्ज आपण करू नये, मुलाने स्वतःच्या सहीने करावा. दुसऱ्याची वैद्यकीय माहिती, मग तो पोटचा मुलगा का असेना, वैयक्तिक माहिती म्हणून नाकारली जाऊ शकते, आणि त्या एका नकारात दोन-तीन महिने जातात. अर्ज संबंधित रेकॉर्ड ऑफिसच्या (सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाच्या) जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, १० रुपयांच्या पोस्टल ऑर्डरसह पाठवावा आणि त्यात इंजुरी रिपोर्ट, चौकशी झाली असल्यास कोर्ट ऑफ इन्क्वायरीचे कागद, केस पेपर, रुग्णालयाची डिस्चार्ज स्लिप, मागच्या तुकडीत टाकल्याचा हुकूम, आणि डिस्चार्जपूर्वी दिलेली नोटीस व तिच्यावरचे मुलाचे उत्तर, अशी नावे घालून मागणी करावी. 'सर्व कागदपत्रे द्यावीत' असे मोघम लिहिल्यास उत्तरही मोघम येते. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. रुग्णालयांचे जुने कागद कायम ठेवले जात नाहीत, त्यामुळे हे काम या आठवड्यातच करावे.

निघण्यापूर्वी मुलाने कशावर सही केली होती, तेही त्याला शांतपणे विचारावे. 'मी स्वखुशीने जात आहे' अशा मजकुरावर सह्या झाल्याची उदाहरणे आहेत. तसे असेल तर वकिलाला पहिल्या भेटीतच सांगावे. ऐन सुनावणीत तो कागद समोरून आला तर सावरणे कठीण जाते.

आता उशिराबद्दल. सशस्त्र दल न्यायाधिकरण कायदा २००७ प्रमाणे अंतिम हुकमापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो, आणि योग्य कारण दाखवल्यास न्यायाधिकरण उशीर माफ करू शकते. १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सर्वोच्च न्यायालयाने करोनामुळे सर्वच मुदतींतून वगळला होता, पण तेवढ्याने आपला उशीर भरून निघत नाही. पेन्शनच्या बाबतीत मात्र तरसेम सिंग प्रकरणाचा २००८ चा निकाल आपल्या बाजूचा आहे. पेन्शन दर महिन्याला नाकारली जाते, म्हणून तो चालू राहणारा अन्याय आहे आणि केवळ उशिरामुळे हक्क बुडत नाही. थकबाकी तेवढी अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरती मर्यादित होते. त्या प्रकरणातला माणूस १९८३ मध्ये सेवेतून गेला होता आणि १९९९ मध्ये न्यायालयात आला होता. आपल्या प्रकरणातली खरी अडचण अशी, की पेन्शनच्या आधी डिस्चार्जच्या हुकमाचे कारण बदलून घ्यायचे आहे, आणि तो हुकूम एकदाच झालेला असल्यामुळे त्याला चालू अन्यायाचा नियम लागत नाही असे समोरचे म्हणतील. म्हणून उशीरमाफीचा अर्ज सोबत जोडावाच, आणि त्यात शस्त्रक्रिया, करोनाकाळ व कागद न मिळणे ही कारणे तारखांसह लिहावीत.

न्यायाधिकरणाकडे थेट धावू नये. मुलाने आधी रेकॉर्ड ऑफिसकडे रजिस्टर्ड पोस्टाने निवेदन द्यावे. बोर्ड बसून पेन्शन नाकारली गेल्यास प्रथम अपील समिती आणि त्यानंतर द्वितीय अपील समिती असे दोन टप्पे आहेत, आणि प्रत्येकासाठी सहा महिन्यांची मुदत आहे. निवेदनाला सहा महिन्यांत उत्तर आले नाही, तर न्यायाधिकरण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे तो मार्ग संपला असे मानून न्यायाधिकरणात जाता येते. प्रशिक्षण केंद्र दुसऱ्या राज्यात असले तरी तिकडे खेटे घालण्याची गरज नाही. सेवेतून बाहेर पडलेला माणूस आपल्या राहत्या ठिकाणच्या पीठाकडे अर्ज करू शकतो, आणि मध्य प्रदेशासाठी ते जबलपूरला आहे. इंदूरकरांना ओव्हरनाइट एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी तारखेला पोहोचता येते, एवढी तरी सोय आहे.

पेन्शनसाठी अपंगत्व सेवेमुळे झालेले किंवा सेवेमुळे वाढलेले आणि किमान २० टक्के असावे लागते. किमान किती वर्षे सेवा झाली पाहिजे अशी अट या पेन्शनला नाही, त्यामुळे 'वर्षसुद्धा पुरे केले नाही, मग पेन्शन कसली' असे सांगणाऱ्यांकडे दुर्लक्ष करावे. वैद्यकीय कारणाने सेवेतून काढले, याचा अर्थच अपंगत्व २० टक्क्यांहून अधिक होते असे गृहीत धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने सुखविंदर सिंग प्रकरणात २०१४ मध्ये म्हटले, आणि न्यायाधिकरणाची पीठे त्याचा आधार वारंवार घेतात. एकदा हक्क मान्य झाला की ५० टक्क्यांखालचे अपंगत्व ५० टक्के धरून रक्कम काढतात. बोर्डाने ३० टक्के दिले तरी हिशेब पन्नासाचा होतो.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ अग्निवीर म्हणून प्रशिक्षण घेत होता. नडगीत स्ट्रेस फ्रॅक्चर झाल्यामुळे सध्या रजेवर घरी आहे. रजा संपत आली, पण पाय बरा नाही. इथल्या डॉक्टरांनी आणखी दीड महिना विश्रांती सांगितली आहे. त्याने घरीच थांबावे काय? — एक बहीण, रामबाग, इंदूर

उत्तर : थांबू नये, निदान स्वतःच्या मनाने तर मुळीच नाही. रजा संपल्यावर हजर न होणे हा आर्मी ॲक्ट १९५० खाली गुन्हा आहे, आणि एकदा गैरहजेरी लागली की दुखापत बाजूला पडून तीच डिस्चार्जचे कारण होते. रजा संपण्यापूर्वी भावाला महूच्या लष्करी रुग्णालयात घेऊन जावे. इंदूरला राहण्याचा हा मोठाच फायदा आहे. सोबत खासगी डॉक्टरांचे कागद आणि एक्स-रे द्यावेत, आणि तिथल्या डॉक्टरांनी दाखल करून घेतले किंवा रजा वाढवण्याची शिफारस केली तर त्याची प्रत घेऊन केंद्राला त्याच दिवशी कळवावे. केंद्राशी फोनवर बोलणे झाले असले तरी लेखी कळवणे चुकवू नये.

अग्निवीरांना वरच्या उत्तरातली पेन्शन लागू नाही. त्यांना सेवेमुळे आलेल्या अपंगत्वासाठी एकरकमी सानुग्रह रक्कम मिळते : १०० टक्क्यांसाठी ४४ लाख, ७५ टक्क्यांसाठी २५ लाख आणि ५० टक्क्यांसाठी १५ लाख रुपये. त्यासाठीही मेडिकल बोर्ड आणि इंजुरी रिपोर्ट लागतोच, म्हणून नडगीचे दुखणे प्रशिक्षणातले आहे ही नोंद एमआय रूमच्या (केंद्रातल्या दवाखान्याच्या) कागदांत आज असली पाहिजे. बहुतेक स्ट्रेस फ्रॅक्चर विश्रांतीने भरून येतात. भावाला मागच्या तुकडीत टाकले तर त्याने ते निमूट स्वीकारावे. त्यात कमीपणा काही नाही आणि नोकरी वाचते.

प्रश्न : अपंगत्व पेन्शनच्या दाव्यासाठी एका वकिलांनी 'आता काही नको, थकबाकी मिळाली की तीस टक्के द्या' असे सांगितले. हे योग्य आहे काय? — एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : निकालावर अवलंबून फी ठरवण्यास आणि मिळणाऱ्या रकमेत वाटा घेण्यास बार कौन्सिलच्या आचारनियमांनी वकिलांना मनाई केली आहे. तसा करार करू नये आणि कोऱ्या कागदावर किंवा बँकेच्या कोऱ्या चेकवर सही तर मुळीच देऊ नये. ठरावीक फी हप्त्यांनी देण्याची बोलणी करावी. तेही परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अपंग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. सैनिकांच्या कुटुंबांसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये वीर परिवार सहायता योजना सुरू केली असून तिच्याखाली सैनिक कल्याण कार्यालयांत कायदेविषयक मदत केंद्रे उघडली जात आहेत. इंदूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्याची चौकशी करावी आणि जाताना डिस्चार्ज बुकाची मूळ प्रत घरी ठेवून झेरॉक्स न्यावी.