लेकीचा एलसॅट आणि घरातली एक्सेल शीट

प्रश्न: ताई, आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलगी २३ वर्षांची. राज्यशास्त्रात पदवी झाली, आता नोकरी सांभाळून घरूनच एलसॅटचा, म्हणजे इथल्या लॉ स्कूलच्या प्रवेश परीक्षेचा, अभ्यास करते. सराव परीक्षांत तिचा स्कोअर १५८ ते १६३ च्या मध्येच फिरतोय. ह्यांनी प्रत्येक स्कोअरची एक्सेल शीट केलीय, आलेखासकट. कमी आला की त्या रात्री जेवताना कोणी कोणाशी बोलत नाही. परवा म्हणाली, झोप लागत नाही, परीक्षाच नको. आम्ही दोघं इंजिनियर, यातलं काही कळत नाही. त्यात मंडळात जो तो विचारतो. काय करू?

उत्तर: आधी ती शीट बंद करायला सांगा. आजच.

एलसॅटचा स्कोअर १२० ते १८० या पट्टीवर मिळतो. परीक्षा घेणारी संस्था, एलसॅक, स्कोअरसोबत त्याचा एक पल्लाही देते: साधारण तीन गुण खाली, तीन गुण वर. म्हणजे १६० आणि १६२ वाल्यांत खरोखर फरक असेलच असं नाही, हे तेच सांगतात. तुमच्या लेकीचे सगळे आकडे अशाच एका पल्ल्यात मावतात. बीपी दिवसातून चारदा मोजलं तर चार आकडे येतात, म्हणून कोणी चार वेळा गोळी बदलत नाही. तुमच्या घरी मात्र दर आकड्यागणिक जेवणाच्या टेबलावरचं हवामान बदलतंय.

यात तुमचा दोष असा नाही. आपण बारावी, सीईटी, जेईई पाहून आलो. एक दिवस, एक आकडा, आणि त्यावर पुढची सगळी वाट. इथे तसं नाही. अमेरिकेत कायद्याचं शिक्षण पदवीनंतर, तीन वर्षांचं, आणि आधीची पदवी कुठल्याही विषयातली चालते. एलसॅट वर्षातून अनेकदा होते. पाच वर्षांत पाच वेळा आणि आयुष्यात एकूण सात वेळा देता येते. लॉ स्कूलना, म्हणजे या शाळांना, सगळे स्कोअर दिसतात, पण बहुतेक शाळा सर्वांत वरचा धरतात. कारण सरळ आहे: लॉ स्कूलना मान्यता देणाऱ्या अमेरिकन बार असोसिएशनला आकडेवारी कळवताना प्रवेश घेतलेल्यांचा वरचाच स्कोअर मोजला जातो. त्याच्या जोडीला कॉलेजचा जीपीए (सरासरी गुण), निबंध, शिफारसपत्रं हेही पाहतात. पुण्यातल्या भाच्याने क्लॅट, म्हणजे भारतातली कायद्याची प्रवेश परीक्षा, दिली असेल तर त्याचा सल्लाही जपून घ्या. तिथे चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, इथे काहीच कापत नाहीत. 'येत नसेल तर सोडून दे' ही आपली जुनी शिकवण एलसॅटला नुकसानच करते. वेळ संपत आली की उरलेल्या सगळ्या प्रश्नांना काही ना काही खूण करायचीच.

आणि कोणी जुनी पुस्तकं दिली असतील तर आधी चाळून बघा. ऑगस्ट २०२४ पासून लॉजिक गेम्सचा, म्हणजे बहुतेक जण आकृत्या काढून सोडवायचे त्या कोड्यांचा, विभाग परीक्षेतून गेला. दृष्टिहीन परीक्षार्थींच्या दाव्यातल्या तडजोडीतून तो बदल आला. आता लॉजिकल रीझनिंगचे (युक्तिवाद तपासायचे) दोन आणि वाचन-आकलनाचा एक असे तीन विभाग मोजतात. चौथा नवे प्रश्न आजमावण्यापुरता असतो, त्याचे गुण धरत नाहीत, पण तो कुठला ते परीक्षार्थीला कळत नाही. प्रत्येकी ३५ मिनिटं. लेखनाचा भाग वेगळा, त्याला स्कोअर नसतो. एलसॅकच्या लॉहब या संकेतस्थळावर काही पूर्ण सराव परीक्षा फुकट मिळतात. खऱ्या परीक्षेचा पडदा तसाच दिसतो, म्हणून सराव तिथेच करावा.

आता तिचा स्कोअर अडकलाय त्याबद्दल. हे तिला वाचायला द्या. अडकलेली बहुतेक मुलं एकामागून एक पूर्ण परीक्षा देत सुटतात. त्याने दमायला होतं, शिकायला होत नाही. आठवड्याला एक पूर्ण परीक्षा खूप झाली, नोकरी करणाऱ्याला तर नक्कीच. वेळ लावून सोडवताना ज्या प्रश्नाची खात्री नाही त्यावर खूण करायची. मग उत्तरं न बघता, घड्याळ बाजूला ठेवून, दुसऱ्या दिवशी तेच प्रश्न पुन्हा सोडवायचे आणि प्रत्येक पर्याय का बरोबर, का चूक, हे स्वतःच्या शब्दांत लिहायचं. स्कोअर त्यानंतर पाहायचा. वेळेशिवाय उत्तरं बरोबर येत असतील तर गाडी वेगात अडलीय, आणि तरीही चुकत असतील तर समजण्यात. दोन्हींवरचा इलाज वेगळा, आणि ह्यांच्या आलेखात दोन्ही एकाच रंगात दिसतात!

चुकांचीही जात असते. 'पूल झाला त्याच वर्षी बाजार वाढला, म्हणजे पुलामुळेच वाढला' अशा युक्तिवादातली फट एकीला चटकन दिसते, पण 'काही' आणि 'सगळे' यांत तीच घसरते. चुकांची वही ठेवली की तीन-चार आठवड्यांत तिची घसरण्याची ठरलेली जागा सापडते. मग पूर्ण परीक्षा सोडून तेवढ्याच जातीचे प्रश्न, दहा-दहा, बिनघड्याळाचे.

झोपेचं मात्र हलक्यात घेऊ नका. 'अभ्यास कमी पडतोय म्हणून नाटकं' असं घरात कोणाच्याही तोंडून जाऊ देऊ नका, आजीच्याही नाही. २६ वर्षांपर्यंत ती तुमच्या आरोग्य विम्यात राहू शकते, तेव्हा थेरपिस्टकडे जायला तिला तुमचा विमा वापरू द्या, आणि तिथे काय बोलणं झालं ते विचारू नका. चिंतेचा विकार किंवा एडीएचडी (लक्ष टिकवायला अवघड जाण्याचा विकार) असं निदान झालं, तर एलसॅककडे जास्त वेळेसारख्या सवलतींचा अर्ज करता येतो. आपल्याकडे पालक इथेच अडतात, 'शिक्का बसेल' म्हणून. सवलत घेतली होती हे एलसॅक शाळांना कळवत नाही, २०१४ च्या न्यायालयीन समझोत्यापासून ते बंद आहे. आणि जगणंच नको असं तिच्या बोलण्यात कधी आलं, तर परीक्षा राहू द्या बाजूला, ९८८ या मदतवाहिनीवर फोन किंवा मेसेज करा. दिवसरात्र चालू असतो.

मंडळातल्या मंडळींना एकच उत्तर: 'अभ्यास चालू आहे, निकाल लागला की तीच सांगेल.' दिवाळीच्या कार्यक्रमाला ती नको म्हणाली तर ओढून नेऊ नका.

तिच्या बाबांच्या हातांना काम हवंच असेल तर खरं काम आहे. प्रत्येक मान्यताप्राप्त लॉ स्कूल दरवर्षी आपली आकडेवारी जाहीर करतं: प्रवेश घेतलेल्यांचा मधला एलसॅट, खालचा-वरचा चतुर्थांश, फी, किती जणांना किती शिष्यवृत्ती, आणि त्यातल्या किती जणांची ती पहिल्या वर्षाच्या गुणांवर काढून घेतली. हा शेवटचा रकाना फार कमी पालक वाचतात. १६१ वर एका शाळेत दारही उघडत नाही आणि दुसरी त्याच स्कोअरवर फी माफ करू शकते. शीट याची करा, पण ती मागेल तेव्हाच दाखवा.

राहिला पुन्हा बसण्याचा प्रश्न. तो निकालाच्या रात्री सोडवायला बसू नका. परीक्षेच्या आधीच तिने लिहून ठेवावं: इतक्याच्या खाली आला तर पुन्हा देणार, इतक्याच्या वर आला तर अर्ज पाठवणार. आकडा तिचा, तुम्ही सुचवायचा नाही. पुढच्या परीक्षेच्या नोंदणीची शेवटची तारीख कधीकधी आधीचा निकाल लागायच्या आत येते, ती आजच कॅलेंडरवर लिहा. स्कोअर पाहून तो रद्द करायची सोय हवी असेल तर तीही निकाल लागायच्या आधीच पैसे भरून घ्यावी लागते. रद्द केलेला प्रयत्न सात वेळांच्या मोजणीत धरला जातोच. बहुतेक शाळांचे अर्ज सप्टेंबरच्या आसपास उघडतात आणि जसे येतील तसे तपासले जातात, पण घाईने पाठवलेल्या १५९ पेक्षा दोन महिन्यांनी पाठवलेला १६४ माझ्या मते कधीही बरा. एक वर्ष नोकरी करून पुढच्या हंगामात अर्ज केला तरी बिघडत नाही, इथल्या लॉ स्कूलच्या वर्गात कॉलेजनंतर काही वर्षं काम करून आलेले पुष्कळ भेटतात.